ग्रंथालयात माहिती शोधणं खेळातून शिकवायचं आणि गुणही द्यायचे, कसं जमवावं?

दारव्हा_ग्रंथालय

नमस्कार मंडळी. ग्रामीण भागातलं कनिष्ठ महाविद्यालय आहे. अकरावीच्या दोन तुकड्या, प्रत्येकी ४८ मुलंमुली. सहा हजारांच्या आसपास पुस्तकं, एक लांबट खोली, दोन रॅकमधली वाट जेमतेम अडीच फूट. ओपॅकला (संगणकावरच्या पुस्तक-यादीला) एकच संगणक, आणि दुपारी लाइन कधी जाईल याचा नेम नाही. प्रत्येक तुकडीला ४० मिनिटांच्या चार तासिका मिळाल्या आहेत.

वर्गीकरण, तालिका (पुस्तकांच्या नोंदींची यादी), कोश, संदर्भ कसा लिहायचा हे सगळं फळ्यावर सांगून होतं. प्रकल्पाची वेळ आली की मात्र बहुतेक जण मोबाइलवर पहिला दिसलेला परिच्छेद उतरवून आणतात. खेळातून शिकवावं असं मनात आहे. मोबाइलवरची प्रश्नमंजुषा मुलांना आवडते, पण तिथे पैकीच्या पैकी गुण घेणाऱ्याला कपाटातून पुस्तक आणायला सांगितलं की तो रॅकपुढे नुसता उभा राहतो.

तर विचारायचं असं की, विजेशिवाय चालतील असे खेळ कोणते? एवढ्या खोलीत ४८ जण कसे बसवायचे? आणि प्रकल्पाच्या २० गुणांचा हिशेब खेळातून लावते म्हटलं तर तो न्याय्य कसा राहील?

मोर्शी_संदर्भविभाग

मॅडम, प्रश्नमंजुषेत जे दिसलं तेच या सगळ्याच्या मुळाशी आहे. ड्युई पद्धतीत (विषयाला अंक देऊन पुस्तकं लावायच्या पद्धतीत) ६०० म्हणजे कोणता वर्ग हे आठवणं वेगळं आणि त्या वर्गातल्या हव्या त्या पानापर्यंत पोचणं वेगळं. म्हणून खेळ असा बसवा की मूल कुठून कसं गेलं याचा माग कागदावर उरेल. गुण त्या मागाला द्या. पहिला कोण आला त्याच्यासाठी टाळ्या वाजवा, पण गुण देऊ नका. वेगाला गुण दिले की मुलं वाचणं सोडतात आणि शेजारच्या गटाच्या मागे धावतात.

पहिली तासिका वर्गातच घ्या, ग्रंथालयात नको. चौघांचा गट केला तर १२ गट होतात. प्रत्येक गटाला १२ कार्डं म्हणजे १४४ कार्डं लागतील. एका ए-फोर पानात ८ बसतात, तेव्हा चार्टपेपरची १८ पानं पुरतात. कार्डांवर शेतीचे ड्युई वर्गांक लिहा, कारण घरी ज्याचा बोलबाला आहे तेच हाताशी आलं की अंक परका वाटत नाही. ६३२.७ किडी, ६३३.१ तृणधान्यं, ६३३.११ गहू, ६३३.१७४ ज्वारी, ६३३.१८ भात, ६३३.२ चारापिकं, ६३३.३४ सोयाबीन, ६३३.५ तंतुपिकं, ६३३.५१ कापूस, ६३४.३१ संत्रं, ६३६.३९ शेळ्या, ६३८.१ मधमाशा. हाच त्यांचा बरोबर क्रम आहे. समोर फक्त अंक लिहा. विषय आणि क्रमांक मागच्या बाजूला.

कार्डं पिसून द्या. आधी तीन मिनिटं कोणी बोलायचं नाही, प्रत्येकाने आपापल्या वहीत क्रम लिहायचा. मग गटाने चर्चा करून कार्डं मांडायची, आणि शेवटी उलटी करून तपासायची. वहीतला एकट्याचा क्रम गुणांसाठी जपून ठेवा.

चूक कुठे होणार ते आत्ताच सांगतो. ६३३.१८ हे ६३३.२ च्या पुढे जाईल, कारण ‘अठरा दोनपेक्षा मोठे’. ६३३.१७४ तर थेट ६३३.५१ च्याही पलीकडे जाऊन बसेल. मुलं टिंबानंतरचा आकडा पूर्ण संख्या म्हणून वाचतात. रुपये-पैशांचं उदाहरण दोन अंकांपर्यंत तग धरतं, तिसऱ्या अंकाला मोडतं. त्यापेक्षा शब्दकोशासारखं वाचायला शिकवा: टिंबानंतर एकेक अंक एकेका अक्षरासारखा ताडायचा, आणि जिथे अंक संपला ते आधी. म्हणून ६३३.५ आधी आणि ६३३.५१ नंतर. कार्डांवर टिंबं एकाखाली एक येतील अशी उभी मांडणी करायला सांगितली की चूक त्यांची त्यांनाच दिसते.

अंक जमले की दुसरी फेरी मराठी कादंबऱ्यांची. कपाटातली सहा पुस्तकं आणा, सहांचाही वर्गांक ८९१.४६३. आता रांग लेखकाच्या अक्षरांवरून लावावी लागते. खरं कपाट असंच असतं, आणि सगळ्यात जास्त सरमिसळ याच कप्प्यात होते.

एक अट आहे. तुमची पुस्तकं दाखल क्रमांकाने (ग्रंथालयात आली त्या क्रमाने) लावलेली असतील तर हा खेळ कपाटाशी जुळणारच नाही. पूर्ण ग्रंथालय बदलत बसू नका. एकच रॅक, दीडदोनशे पुस्तकं, वर्गांकाने लावून घ्या आणि खेळ तेवढ्यावरच ठेवा.

दुसरी आणि तिसरी तासिका ग्रंथालयात. अर्धी मुलं (सहा गट) रॅकपाशी, अर्धी टेबलांवर. पुढच्या तासिकेला अदलाबदल. रॅकपाशी सहा ठिकाणं ठरवा, प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. प्रत्येक गट वेगळ्या ठिकाणापासून सुरू करील आणि शिट्टी झाली की पुढे सरकेल. अडीच फुटांच्या वाटेत एका वेळी दोघंच आत, दोघं बाहेर नोंद करणार. धावणारा गट ते ठिकाण गमावतो, हा नियम आधीच सांगा. रॅक भिंतीला बांधलेले नसतील तर या नियमावर अजिबात तडजोड नको.

पुस्तकात चिठ्ठ्या लपवून खजिना शोधायला लावू नका. पहिला गट चिठ्ठी खिशात घालतो आणि पुढच्या पाचांचा खेळ बसतो. उत्तर पुस्तकाच्या पानातच असू द्या. उदाहरणार्थ: मराठी विश्वकोशाचे २० खंड आहेत, खंडाच्या पाठीवरचा मजकूर पाहून ‘कापूस’ कोणत्या खंडात असेल ते आधी लिहा, मग उघडून नोंदीतलं शेवटचं उपशीर्षक लिहा. किंवा: या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत ‘फवारणी’ नाही, तरी पुस्तकात आहे, पान कोणतं? दुसऱ्या प्रश्नाला मूल मागची सूची उघडतं की पानं चाळत बसतं, ते लगेच कळतं. ‘आधी अंदाज, मग उत्तर’ असे दोन रकाने ठेवा. अंदाज चुकला तरी त्याला गुण आहेत हे मुलांना सांगा, नाहीतर सगळे उत्तर पाहून अंदाज लिहितात.

शब्दकोशाचं ठिकाण ठेवलंत तर त्यातल्या सुरुवातीच्या सूचना वाचायला लावा. अनुस्वाराचे शब्द कुठे घ्यायचे हे कोशागणिक बदलतं, आणि पोरं ‘शब्दच नाही’ म्हणून कोश मिटतात.

अकोट_वाचनकट्टा

टेबलावरच्या अर्ध्या वर्गासाठी शब्दांचा खेळ घ्या. आमच्याकडे याची जास्त गरज आहे, कारण घरची बोली आणि तालिकेची भाषा यांत अंतर आहे.

प्रश्न द्या: ‘आमच्या वावरातल्या पऱ्हाटीवर गुलाबी अळी का येते?’ गटाने दहा मिनिटांत शोधशब्द काढायचे, तीन रकान्यांत. पहिला घरचा शब्द: पऱ्हाटी, अळी, वावर. दुसरा पुस्तकातला: कापूस, कपाशी, गुलाबी बोंडअळी, कीड. तिसरा मोठा किंवा छोटा: तंतुपिकं, पीकसंरक्षण, बीटी कापूस, पेक्टिनोफोरा गॉसिपिएला (गुलाबी बोंडअळीचं शास्त्रीय नाव). मग प्रत्येक शब्द कार्ड कॅटलॉगमध्ये किंवा ओपॅकवर लावून किती नोंदी मिळाल्या ते समोर लिहायचं. शून्य नोंदी आल्या की खेळ खरा सुरू होतो: शब्द बदलायचा, आणि का बदलला ते एका ओळीत लिहायचं. ही ओळ नसेल तर गुण नाहीत.

ओपॅकवर शून्य येण्याची कारणं मुलांना दाखवाच. ‘पऱ्हाटी’तला ऱ्ह दोन तऱ्हांनी टंकता येतो, साधा र आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून किंवा नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. जुन्या नोंदी युनिकोडआधीच्या (अक्षरांना सर्वत्र एकच संकेत मिळण्याआधीच्या) फॉन्टमध्ये केलेल्या असतील तर त्या शोधात येतच नाहीत. काही ठिकाणी मराठी शीर्षकं रोमन लिपीत भरलेली असतात, मग ‘कापूस’मधल्या पू साठी एकाने एक यू लावलेला असतो, दुसऱ्याने दोन ओ. संगणक एकच असल्यामुळे प्रत्येक गटाला तीन मिनिटं आणि तीनच शब्द अशी मर्यादा ठेवा. त्याने एक फायदा होतो. कोणते तीन वापरायचे यावर गट आधी डोकं चालवतो.

लाइन गेली तर? आदल्या दिवशी वीसेक शब्दांचे निकाल कागदावर छापून ठेवा. मुलाने शब्द सांगायचा, तुम्ही तो कागद द्यायचा. यादीत नसलेल्या शब्दाला ‘नोंद नाही’ म्हणू नका. तो फळ्यावर लिहून ठेवा, लाइन आली की सगळ्यांसमोर तपासा.

आणि हा एकच प्रश्न तीन कपाटांकडे नेतो, ते जरूर दाखवा. कापसाच्या किडी ६३३.५१ पाशी, किडींवरचं सर्वसाधारण पुस्तक ६३२ पाशी, फवारणीतल्या विषबाधेची माहिती ६१५.९ पाशी. एका विषयाला एकच कप्पा असतो, हा मुलांचा समज तिथे सुटतो.

दारव्हा_ग्रंथालय

हे लगेच करण्याजोगं आहे, फार आभार. कार्डांची पानं आजच काढते. पण खरी अडचण पुढची आहे. पुस्तक सापडलं की त्यात छापलेलं सगळं खरं, आणि मोबाइलवरचं त्याहून खरं, असं मुलं धरून चालतात. यासाठी खेळ आहे का?

मेहकर_सार्वजनिक_वाचनालय

आहे, आणि सामान घरचंच: प्रत्येक गटाला तुरीचे दहा दाणे.

विषय असा निवडा की छापील साधनांतच मतभेद आहे. आमच्या लोणारइतका चांगला विषय मला दुसरा दिसत नाही. प्रश्न: लोणारचं विवर किती वर्षांपूर्वीचं? चार कार्डं करा. एकावर सुमारे ५२,००० वर्षं, दुसऱ्यावर सुमारे ५,७०,००० वर्षं, तिसऱ्यावर व्हॉट्सॲपवर फिरतो तसा मजकूर ज्यात एक आकडा ठासून सांगितला आहे पण आधार दिलेला नाही, चौथ्यावर एखाद्या पर्यटन-माहितीपत्रासारखा मजकूर: ‘हजारो वर्षांपूर्वी’. तिसरं आणि चौथं कार्ड तुम्हीच लिहा, कोणाचा खरा निरोप वापरू नका.

पहिल्या फेरीत फक्त आकडे दाखवा. ज्यावर जेवढा भरवसा तेवढे दाणे त्या कार्डावर. दहाही एकावर ठेवायची मुभा आहे, पण कारण लिहायचं. दुसऱ्या फेरीत प्रत्येक कार्डामागची माहिती उघडा: ५२,००० हा आकडा उष्मादीप्ती पद्धतीने (तापवल्यावर खनिजातून निघणारा प्रकाश मोजून) काढलेला आणि आधीचा. ५,७०,००० हा आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने (खडकातल्या आर्गॉनच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून) काढलेला, २०१० नंतर प्रसिद्ध झालेला, आणि त्यात ४७,००० वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात असं संशोधकांनीच म्हटलेलं. आता दाणे हलवायची संधी द्या. तिसऱ्या फेरीत आपल्या कपाटातली पुस्तकं द्या. त्यांच्या प्रकाशनवर्षावरून कोणत्या पुस्तकात कोणता आकडा असेल हे ओळखायचं आणि मग पान उघडून पाहायचं. जुन्या पुस्तकात ५२,००० सापडतो तेव्हा मुलांच्या लक्षात येतं की लेखक खोटं बोलत नव्हता, त्याच्या वेळी तेवढंच हाती होतं.

गुण दाण्यांना नाहीत. गुण ‘दाणे का हलवले’ या वाक्याला. ‘नवं आहे म्हणून’ एवढंच लिहिलं तर अर्धे, ‘मोजायची पद्धत सांगितली आहे आणि चूक किती असू शकते तेही दिलं आहे’ असं लिहिलं तर पूर्ण. हा फरक पाळला नाही तर मुलं ‘जे नवं ते खरं’ हा नवा चुकीचा धडा घेऊन जातात. तो मोडायला कापसाचं उदाहरण घ्या. बीटी कापसाला (बोंडअळीला मारक जनुक घातलेल्या कापसाला) आपल्याकडे २००२ साली परवानगी मिळाली. त्याआधीचं पुस्तक बोंडअळीच्या जीवनचक्रासाठी आजही चालेल, पण आजच्या वाणांवरच्या उपायासाठी चालणार नाही. पुस्तकाचं वय प्रश्नाप्रमाणे मोजायचं असतं.

जमल्यास संदर्भाच्या पट्ट्याही याच टेबलावर करून घ्या. शीर्षकपान आणि त्याच्या मागचं पान उघडून लेखक, वर्ष, शीर्षक, आवृत्ती, स्थळ, प्रकाशक अशा सहा पट्ट्या जुळवायच्या. दोन चुका ठरलेल्या आहेत: मुद्रकाचं नाव प्रकाशक म्हणून लिहिणं, आणि पुनर्मुद्रणाचं वर्ष आवृत्तीचं वर्ष म्हणून घेणं. जुन्या पुस्तकावर शके असेल तर ७८ मिळवायला सांगा, शके १८५३ म्हणजे साधारण १९३१. शकाच्या वर्षअखेरीच्या तीनेक महिन्यांत एकाचा फरक पडतो, तो आकडा बाजूला पेन्सिलने लिहून ठेवला की पुरे.

वरोरा_मूल्यमापन

गुणांबद्दल लिहितो, कारण चांगले खेळ इथेच बिघडतात.

गटाचा गुण चौघांना सारखा देऊ नका. चौघांत एक शोधतो आणि तीन पाहतात, मग तिघांबद्दल तुम्हाला काहीच कळत नाही. खेळ गटात, गुण एकट्याच्या कागदावर. २० ची वाटणी अशी सुचवतो: कार्डांचा एकट्याने लिहिलेला क्रम ३, रॅकपाशी अंदाज आणि पानासह पुरावा ४, शोधशब्दांची नोंद ६, दाणे हलवण्याचं कारण ४, संदर्भाची जुळणी ३. शोधशब्दांना जास्त ठेवले आहेत, कारण प्रकल्प तिथेच बसतो किंवा उठतो.

शोधशब्दांच्या ६ गुणांसाठी कागदावर चार रकाने पुरेत: कोणता शब्द, कुठे शोधला, किती नोंदी, पुढे काय बदललं. एकाच शब्दावर थांबलेल्याला १, शब्द बदलला पण कारण नाही तर ३, कारणासह दोनदा बदलला तर ६. मधले गुण तुम्ही ठरवा, पण दोन कागद शेजारी ठेवून ठरवा. एकेक तपासत गेलात तर दुपारपर्यंत हात सैल होतो.

शिकले की नाही हे पाहायचं असेल तर पहिल्या तासिकेआधी आणि चौथ्या तासिकेत १२ प्रश्नांची चाचणी घ्या. तीच चाचणी दोनदा नको. अ आणि ब असे दोन संच करा. अर्ध्या वर्गाला आधी अ आणि नंतर ब, उरलेल्यांना उलट. म्हणजे एक संच सोपा निघाला तरी फरक दोन्हीकडे सारखा वाटला जातो. चार पर्यायांच्या १२ प्रश्नांत नुसत्या अंदाजाने सरासरी ३ बरोबर येतात, तेव्हा ३-४ गुण म्हणजे ‘थोडं येतं’ असं समजू नका. चारेक प्रश्न तरी कृतीचे ठेवा: ‘हे पाच वर्गांक लावा’, ‘या प्रश्नाचे तीन शोधशब्द लिहा’.

पुढच्या वर्षासाठी प्रश्नांची चाळणी करा. ४८ कागद एकूण गुणांनी लावा, वरचे १३ आणि खालचे १३ घ्या (२७ टक्के). एखादा प्रश्न वरच्यांतल्या ११ जणांना आणि खालच्यांतल्या ४ जणांना आला, तर फरक ७, भागिले १३, म्हणजे ०.५४. येणाऱ्या आणि न येणाऱ्या मुलांत तो नीट भेद करतो, प्रश्न उत्तम. ०.२ च्या खाली आला तर प्रश्नाची भाषा तपासा. उणे आला तर बहुधा उत्तरतालिकेतच चूक असते.

धारणी_आश्रमशाळा

एक भर घालते जी. कोरकू, गोंडी किंवा कोलामी घरात बोलणाऱ्या मुलांसाठी वरचे सगळे कागद छापील मराठीत गेले तर चाचणी शोधाची न राहता मराठीची होते. सूचना तोंडी द्या, एकदा करून दाखवा. शोधशब्दांच्या पहिल्या रकान्यात त्यांच्या भाषेतला शब्द देवनागरीत लिहू द्या आणि तोही मोजा. शुद्धलेखनाचे गुण कापू नका, शोध चुकला नाही तोवर. कार्डांचा खेळ मात्र या मुलांना तसाच द्या, तिथे अंकच आहेत आणि भाषेचा अडसर नाही.

दारव्हा_ग्रंथालय

धारणीच्या ताई, हे ध्यानातच आलं नव्हतं. आमच्याकडे कोलामी बोलणारी मुलं आहेत. त्यांच्यासाठी तोंडी सूचना ठरवूनच टाकते.

शेवटचा प्रश्न: सहा गट पुस्तकं काढणार, मग ती जागेवर परत जाणार कशी? एका तासिकेनंतर दुसरी तुकडी येते आणि मधे दहाच मिनिटं आहेत.

मोर्शी_संदर्भविभाग

मुलांना पुस्तक परत लावू देऊ नका. चुकीच्या जागी लागलेलं पुस्तक हरवल्यासारखंच असतं. रॅकच्या टोकाला परतीचा टेबल ठेवा, काढलेलं सगळं तिथे. पुस्तक निघालं की त्या जागी डमी लावायची: जुन्या रजिस्टरच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, पुस्तकापेक्षा दोन बोटं उंच, म्हणजे वर दिसतात. प्रत्येक गटाच्या पट्टीला वेगळा रंग द्या. प्रत्येक ठिकाणी दोनच पुस्तकं लागत असतील तर सहा ठिकाणी १२ पुस्तकं होतात. डमीची जागा पाहून लावायला एका माणसाला पाच-सहा मिनिटं पुरतात. खेळातल्या १२ पुस्तकांची वर्गांकासह यादी टेबलाला चिकटवून ठेवा आणि दुसरी तुकडी आत घेण्याआधी ती एकदा बोट ठेवून तपासा. एक जरी कमी असलं तरी ते आधी शोधा. बहुतेक वेळा ते ८९१.४६३ च्या कप्प्यात शिरलेलं असतं.